डेडलिफ्टमध्ये पाठीआधी मूठ सुटते: पकड वाढवण्यासाठी नेमके काय करावे?

खाडीकाठचा (ठाणे):

नमस्कार मंडळी. माझे वय 34, वजन 78 किलो असून गेली काही वर्षे मी नियमितपणे वजनांचा व्यायाम करतो. स्क्वॉट आणि बेंच प्रेस यांची प्रगती समाधानकारक आहे, परंतु डेडलिफ्ट (जमिनीवरचा बार उचलून सरळ उभे राहण्याचा व्यायाम) एका जागी अडकली आहे आणि तिचे कारण पाठ किंवा पाय नसून हात आहेत. 130 किलोपर्यंत काहीच अडचण येत नाही. 140 लावले की दुसऱ्या-तिसऱ्या रेपला, म्हणजे उचलीला, डाव्या हाताची करंगळी आणि अनामिका उघडू लागतात, बार बोटांच्या टोकांकडे घरंगळतो आणि अंगात दम शिल्लक असतानाही सेट सोडून द्यावा लागतो.

माझी पद्धत अशी: दोन्ही तळहात स्वतःकडे ठेवून बार धरतो, तळहाताला घट्टे पडतात म्हणून फोमचे ग्लोव्ह्ज घालतो, आणि रेप्स सलग काढतो, म्हणजे प्लेट जमिनीला लागल्या की लगेच पुन्हा उचलतो. आमच्या जिममध्ये चॉक (हात कोरडे ठेवणारी पांढरी भुकटी) वापरायला परवानगी नाही; फरशी आणि मॅट खराब होते असे मालकांचे म्हणणे आहे, आणि ते अगदीच चुकीचे आहे असे नाही. पावसाळ्यात तर हात कोरडे राहणे हीच एक वेगळी कसरत होऊन बसते.

उपाय म्हणून मी स्प्रिंगचा हँड ग्रिपर घेतला आणि ऑफिसमध्ये बसल्या बसल्या तो दाबत असतो. आता तो पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त वेळा बंद होतो, पण डेडलिफ्टमध्ये त्याचा काडीचाही उपयोग झालेला दिसत नाही. ट्रेनर म्हणतात की स्ट्रॅप (मनगटाला बांधून बारभोवती गुंडाळायचे पट्टे) घ्या आणि विषय संपवा. त्याच जिममधले एक ज्येष्ठ सदस्य म्हणतात की स्ट्रॅपची सवय लागली की हात कायमचे कच्चे राहतात. पुढच्या वर्षी जिल्हा पातळीवरच्या पॉवरलिफ्टिंग (स्क्वॉट, बेंच प्रेस आणि डेडलिफ्ट) स्पर्धेत उतरून पाहण्याचा विचार असल्यामुळे हा प्रश्न मला आत्ताच निकालात काढायचा आहे. पकडीसाठी वेगळा व्यायाम करावा का, कोणता आणि आठवड्यातून कितीदा, हे अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे.


सळईवाला (पुणे):

आपल्या वर्णनातच अर्धे उत्तर आहे. सर्वप्रथम ग्लोव्ह्ज काढून ठेवा. फोमचा थर चढला की आपल्या मुठीपुरता बार जाड होतो, बोटांचा वेढा अपुरा पडतो आणि कातडी व लोखंड यांच्यामध्ये सरकणारी तिसरीच वस्तू येऊन बसते. वेटलिफ्टिंगचा पुरुषांचा बार 28 मिलिमीटर व्यासाचा असतो, डेडलिफ्टसाठी खास बनवलेला बार साधारण 27 मिलिमीटरचा असतो, आणि स्ट्राँगमन स्पर्धांमध्ये पकडीची परीक्षा घेण्यासाठी जो 'ॲक्सल' ठेवतात तो सुमारे 50 मिलिमीटरचा असतो. त्यावर भल्याभल्यांना आपल्या नेहमीच्या वजनाच्या बरेच खाली यावे लागते. एका मिलिमीटरचा फरकसुद्धा जड वजनाला हाताला कळतो, तिथे आपण बारभोवती फोम गुंडाळून बसला आहात.

घट्टे पडतात म्हणून ग्लोव्ह्ज, हे कारण बहुतेक जण सांगतात. पण घट्टे मुळात बार चुकीच्या जागी धरल्यामुळे वाढतात. बार तळहाताच्या मधोमध ठेवून मूठ आवळली, तर वजन लागताच तो बोटांच्या मुळांकडे घसरतोच, आणि घसरताना वाटेतल्या कातडीची घडी चिमटीत धरतो. ती घडी रोज दाबली गेली की तिथे घट्टा तयार होतो आणि एखाद्या दिवशी तो फाटतो. त्यामुळे बार शेवटी जिथे जाऊन थांबणार आहे तिथेच तो आधीपासून ठेवावा: बोटे जिथे तळहाताला मिळतात त्या रेषेत बार टेकवायचा, मग चारही बोटांचा वेढा घालायचा आणि शेवटी अंगठा वरून घट्ट बसवायचा. असे धरल्यावर मूठ सुरुवातीला सैल वाटते, परंतु बारला घसरायला जागाच उरत नाही. थोडेफार घट्टे तरीही राहतील. आंघोळीच्या वेळी कातडी मऊ झालेली असताना ते वज्रीने घासून सपाट ठेवले की फाटत नाहीत.

दुसरी गोष्ट सलग रेप्सची. पहिल्या रेपला हात व्यवस्थित बसलेला असतो. उतरताना प्लेट आपटून बार किंचित हलतो, आणि त्या हललेल्या पकडीवरच आपण दुसरी आणि तिसरी रेप काढता. प्रत्येक रेपनंतर बार जमिनीवर पूर्ण थांबू द्या, बोटे पुन्हा बसवा, श्वास घ्या आणि मग उचला. स्पर्धेत तसेही एकच रेप काढायची असते, त्यामुळे थांबलेल्या बारपासून उचलण्याचा सराव आपल्याला दुहेरी उपयोगाचा आहे.

चॉकच्या बाबतीत द्रवरूप चॉक हा मधला मार्ग आहे. अल्कोहोलमध्ये मिसळलेले मॅग्नेशियम कार्बोनेट हातावर चोळले की अल्कोहोल उडून जाते, पांढरा थर तेवढा राहतो, आणि फरशीवर भुकटी सांडत नाही. मालकांना बाटली दाखवून विचारा. बहुधा नाही म्हणणार नाहीत. त्याच वेळी बारकडेही एकदा निरखून पाहा. हाताला खरखरीत लागावी म्हणून बारवर कोरलेली जी जाळीदार नक्षी असते, तिच्या खाचांमध्ये अनेकांचा घाम, मृत कातडी आणि केसांचे तेल साचून ती बुजते. नायलॉनच्या कडक ब्रशने तो भाग कोरडाच घासला, तरी पकडीत पडणारा फरक लगेच जाणवतो. व्यायामाला येण्यापूर्वी डोक्याला तेल थापणाऱ्या मंडळींविषयी मी इथे अधिक लिहीत नाही.

आता ग्रिपर. तो दाबताना उघडी मूठ बंद करण्याचे काम होते, आणि तेही सेकंदभर. डेडलिफ्टमध्ये मूठ आधीच बंद असते. ती खेचून उघडू पाहणाऱ्या वजनाला काही सेकंद दाद द्यायची नाही, एवढेच काम हाताला असते. ही धरून ठेवण्याची ताकद आहे आणि ती धरून ठेवूनच वाढते. प्लेट बोटे आणि अंगठा यांच्या चिमटीत उचलणे हा तिसरा प्रकार. अंगठ्यासाठी तो चांगला, पण आपल्या अडचणीवरचा तो मुख्य उपाय नव्हे.

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे चढत्या सेटमध्ये दोन्ही तळहात स्वतःकडेच ठेवणे. 60, 90, 110, 125 हे सगळे सेट याच पकडीने करा आणि मुख्य सेटलाच पकड बदला. मुख्य सेट संपल्यावर बार रॅकमध्ये गुडघ्याच्या थोडा वर ठेवून, म्हणजे पाठीवर पुन्हा ताण न आणता, 110 ते 120 किलो उचलून सरळ उभे राहा आणि 10 ते 15 सेकंद धरून ठेवा. असे दोन-तीन वेळा. प्रत्येक वेळी 20 सेकंद जमू लागले की अडीच ते पाच किलो वाढवा. हे आठवड्यातून एकदाच. दुसऱ्या एखाद्या दिवशी जड डंबेल दोन्ही हातांत घेऊन चालणे, म्हणजे ज्याला फार्मर्स वॉक म्हणतात ते, किंवा पुलअपच्या बारला नुसते लोंबकळणे, यांपैकी एक घ्या. एवढे पुरते.

स्ट्रॅपविषयी माझे मत कोणत्याही टोकाचे नाही. आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघाच्या नियमांनुसार स्पर्धेत स्ट्रॅप चालत नाहीत, चॉक चालतो. त्यामुळे आपल्याला त्यांच्या भरवशावर राहता येणार नाही. परंतु स्ट्रॅपमुळे किती फरक पडतो हे मोठ्या आकड्यांवरून दिसते. एडी हॉल यांनी 2016 मध्ये लीड्स येथे 500 किलो आणि हाफ्थोर ब्योर्नसन यांनी 2020 मध्ये आइसलंडमध्ये 501 किलो उचलले ते स्ट्रॅप बांधून. बेनेडिक्ट मॅग्नुसन यांनी 2011 मध्ये स्ट्रॅपशिवाय उचललेले 460 किलो हा त्या काळचा विक्रम होता. माणसे वेगळी, त्यामुळे सरळ वजाबाकी करता येत नाही, तरी हात मोकळा ठेवून पाठीला तिची पूर्ण ताकद लावू देणे म्हणजे काय, हे त्यातून समजते.


लाल माती (कोल्हापूर):

सर्वांना नमस्कार. वरचा प्रतिसाद उत्तम आहे, पण स्ट्रॅपच्या बाबतीत तो थोडा मवाळ वाटला म्हणून लिहितो. माझा पिंड तालमीतला. तिथे पकडीसाठी वेगळा व्यायाम आहे असे आम्हाला कुणी कधी शिकवले नाही, कारण बाकीच्या प्रत्येक कामात ती होतच होती.

आखाड्याची माती दर काही दिवसांनी फावड्याने खणून वर-खाली करावी लागते. तेल, ताक, हळद आणि लिंबू यांनी मुरलेली ती माती मऊ दिसते, पण ओली असताना फावड्याला धरून ठेवते. एक फेरी पूर्ण होईपर्यंत कोपरापासून बोटांपर्यंत हात दगडासारखा होतो, आणि त्यानंतर वस्ताद दोर चढायला लावतात. सुरुवातीला पायांची आढी घालून, मग नुसत्या हातांवर. दोराला ना नक्षी असते, ना तो एका जाडीचा असतो. घामेजलेल्या हाताने तो धरून वर जायचे म्हणजे शेवटची दोन बोटेही कामाला लागतात. आपली नेमकी तीच दोन बोटे सुटत आहेत, हे मी मुद्दाम लक्षात आणून देतो. करेल किंवा मुद्गल (तालमीतली जड लाकडी गदेसारखी साधने) फिरवताना वजन मुठीच्या बाहेर, लांब टोकाला असते, त्यामुळे मनगटाला जो पीळ बसतो तो सरळ लोंबणाऱ्या वजनाने कधीच बसत नाही.

आपल्या ठाण्यात दोर किंवा आखाडा हाताशी नसेल, तर जाड टॉवेल किंवा साधा पंचा पुलअपच्या बारवरून टाका आणि त्याची दोन टोके दोन हातांत घेऊन लोंबकळा. आधी दोन्ही पाय जमिनीला टेकलेले असू देत, मग एक, मग अधांतरी. टॉवेल जुना आणि मजबूत शिवणीचा असावा. पातळ टॉवेल फाटून पाठीवर पडलेले पाहिले आहेत.

आणि स्ट्रॅप घेऊच नका. स्पर्धेला उतरणार म्हणता, तर ज्या दिवशी कुणी पट्टा बांधू देणार नाही त्या दिवसासाठीच सराव करायचा असतो. दोरावर चढल्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र जड डेडलिफ्ट करू नका. दमलेली बोटे पाठीची चूक झाकत नाहीत.


मनगट ते कोपर (नाशिक):

मी फिजिओथेरपिस्ट आहे, आणि अशा चर्चा वाचून उत्साहाने कामाला लागलेले लोक काही आठवड्यांनी कोपर धरून माझ्याकडे येतात, म्हणून काही गोष्टी सांगणे आवश्यक वाटते.

बोटे मिटवणारे मुख्य स्नायू हाताच्या पंजात नसतात. ते कोपराखालच्या भागात असतात आणि लांब कंडरांच्या साहाय्याने मनगटावरून जाऊन बोटांना ओढतात. एक साधी गोष्ट करून पाहा. मनगट तळहाताच्या बाजूला पूर्ण वाकवा आणि तसेच ठेवून मूठ आवळा. ती नीट मिटतच नाही. आता मनगट सरळ करून किंचित मागे न्या आणि पुन्हा आवळा. पहिल्या स्थितीत स्नायू आधीच आखडून गेलेले असतात आणि उलट बाजूच्या कंडरा ताणलेल्या असतात, त्यामुळे बोटांना ओढायला काही उरत नाही. बार उचलताना मनगट आत वळवण्याची सवय अनेकांना असते. बार अधिक घट्ट धरल्याचा तो निव्वळ भास असतो. हात खांद्यापासून मुठीपर्यंत सरळ लोंबू द्यावा.

स्नायू काही आठवड्यांत बळकट होतात, कंडरांना महिने लागतात. ऑफिसमध्ये दिवसभर ग्रिपर दाबणे हे मला याच कारणासाठी पटत नाही, कारण तिथे विश्रांतीला जागाच नाही. कोपराच्या आतल्या हाडाच्या उंचवट्यावर दुखू लागले तर तो बोटे मिटवणाऱ्या गटावरचा अतिताण असतो, आणि बाहेरच्या बाजूला दुखले तर मनगट मागे खेचणाऱ्या गटावरचा. मूठ आवळताना मनगट स्थिर ठेवण्याचे काम हा दुसरा गट सतत करत असतो, म्हणून नुसत्या पकडीच्या व्यायामानेही बाहेरची बाजू दुखावते. त्यासाठी पाचही बोटांभोवती रबरबँड घालून ती उघडण्याचा सराव करावा, किंवा तांदूळ अथवा ज्वारी भरलेल्या डब्यात हात खुपसून आतल्या आत बोटे पसरावीत. घरच्यांची संमती घेऊन.

अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांना रात्री मुंग्या येत असतील, किंवा करंगळी-अनामिका बधिर होत असतील, तर ती ताकदीची कमतरता नसून नसेवरचा दाब असू शकतो. प्रश्नकर्त्यांची डावीकडची तीच दोन बोटे सुटत असल्यामुळे विचारतो: तिथे बधिरपणा जाणवतो का? नसेल तर बहुधा हा केवळ कमी वापराच्या हाताचा प्रश्न आहे. आणखी एक: वजन धरून स्थिर उभे राहण्याच्या व्यायामात रक्तदाब बराच वाढतो, त्यामुळे ज्यांना रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी श्वास कोंडून हे करू नये आणि आधी डॉक्टरांना विचारावे.


छोटी मूठ (नागपूर):

अजून कुणी हूक ग्रिपचे नाव घेतलेले नाही याचे आश्चर्य वाटते. माझी बोटे आखूड आहेत. वेटलिफ्टिंगमध्ये महिलांसाठी 25 मिलिमीटर जाडीचा आणि 15 किलोचा वेगळा बार असतो, परंतु पॉवरलिफ्टिंगमध्ये महिलांनाही पुरुषांचाच बार घ्यावा लागतो, त्यामुळे पकडीचा प्रश्न आमच्यापुढे तुमच्यापेक्षा आधी उभा राहतो.

हूक ग्रिपमध्ये अंगठा बारला लागून आडवा ठेवतात आणि तर्जनी व मधले बोट त्या अंगठ्यावरून घेतात. बार फिरून बोटे उघडू लागला की त्याच फिरण्यामुळे अंगठा अधिक आवळला जातो, म्हणजे वजनच कुलूप लावते. मीराबाई चानू यांनी टोकियो ऑलिंपिकमध्ये 49 किलो वजनी गटात क्लीन अँड जर्कला (बार आधी खांद्यापर्यंत आणि मग डोक्यावर उचलण्याच्या प्रकाराला) 115 किलो उचलून रौप्यपदक मिळवले. वेटलिफ्टिंगमध्ये ही पकड सर्वांच्या हाताला बसलेली असते. तिथे दोन्ही तळहात एकाच दिशेला असणे भागच असते, आणि स्ट्रॅप स्पर्धेत नसतातच.

दुखते, हे खरे आहे. पहिले काही आठवडे अंगठ्याच्या नखाखाली कळ येते, म्हणून हलक्या वजनाच्या एक-एक रेपपासून सुरुवात करावी आणि अंगठ्याला लवचिक टेप गुंडाळावी. अंगठा जोराने दाबायचा नसतो; त्याला बोटांनी बारभोवती ओढून घ्यायचे असते. हा फरक हाताला कळला की दुखणे निम्मे होते. ज्यांचा अंगठा फारच आखूड आहे त्यांना ही पकड कदाचित कधीच जमणार नाही, आणि त्यात काही कमीपणा नाही.


खाडीकाठचा (ठाणे):

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बधिरपणा किंवा मुंग्या अजिबात नाहीत, त्यामुळे ती शंका मिटली. काल ग्लोव्ह्ज न घालता, बार बोटांच्या मुळाशी ठेवून आणि प्रत्येक रेपला पूर्ण थांबून पाहिले. 140 च्या चार रेप्स निघाल्या आणि पाचव्याला डावा हात सुटू लागला. द्रवरूप चॉकला मालकांनी होकार दिला आहे. लाल माती काका, टॉवेलचा प्रयोग या रविवारी करतो.

दोन शंका उरल्या आहेत. सळईवाला यांनी मुख्य सेटला पकड बदला असे लिहिले आहे. एक तळहात आत आणि एक बाहेर अशी मिश्र पकड घ्यायची झाली तर कोणता हात उलटा करावा? आणि रोइंग (वजन पोटाकडे ओढणे) किंवा श्रग्ज (वजन धरून खांदे वर उचलणे) करताना स्ट्रॅप वापरले तर चालतील का?


सळईवाला (पुणे):

मिश्र पकडीत बार एका हातातून ज्या दिशेने फिरून निसटू पाहतो, त्याच दिशेने तो दुसऱ्या हातात घट्ट होतो, म्हणून ती इतकी उपयोगी पडते. आपला डावा हात दुबळा आहे, त्यामुळे बहुधा तोच उलटा करणे सोयीचे वाटेल. पण सरावात दर सेटला हात बदला, म्हणजे अंग एका बाजूला पिळण्याची सवय लागणार नाही. ज्या हाताचा तळवा समोर असतो त्याच्या कोपरापाशी बायसेप्सची कंडरा तुटण्याच्या घटना घडतात, आणि त्यामागे बहुतेकदा तो हात किंचित दुमडून बार ओढण्याची खोड असते. कोपर पूर्ण सरळ ठेवा आणि हाताला फक्त दोराचे काम करू द्या. हूक ग्रिप जमली तर हा प्रश्नच येत नाही, म्हणून हलक्या सेटमध्ये तिचाही सराव सुरू करा. स्पर्धेला वर्ष आहे, तेवढ्यात अंगठा तयार होतो.

रोइंग आणि श्रग्जमध्ये स्ट्रॅप खुशाल वापरा, विशेषतः डेडलिफ्टच्याच दिवशी ते करत असाल तर. काकांचा विरोध मला समजतो, परंतु त्या व्यायामांत पाठ दमवायची आहे, आणि हाताचे त्या दिवसाचे काम बार धरून उभे राहण्यात झालेले असते. लोंबकळणे किंवा टॉवेल मात्र डेडलिफ्टच्या आधी किमान दोन दिवस मोकळे राहतील असे बसवा. डेडलिफ्ट बुधवारी असेल तर रविवार ठीक आहे, सोमवारी असेल तर टॉवेल गुरुवारी घ्या.